मदत हवी आहे : सबसॉनिक नेमकं कुठपर्यंत म्हणायचं?

मंडळी, भाचीचा नववीचा प्रोजेक्ट चाललाय विमानांवर आणि मी उगाच मदतीला गेलो, आता दोघंही अडकलोय. सबसॉनिक म्हणजे आवाजापेक्षा कमी वेग, माक १ च्या खाली, इथपर्यंत ठीक. निर्भय क्षेपणास्त्र सबसॉनिक, ब्रह्मोस सुपरसॉनिक, हे तर तिला माझ्याआधी पाठ होतं.

घोळ पुढे आहे. एका ठिकाणी वाचलं की साधारण माक ०.८ पर्यंतच सबसॉनिक, ०.८ ते १.२ ट्रान्ससॉनिक. मग बोइंग ७८७ माक ०.८५ ला उडतं, तेव्हा पंखाच्या वरून जाणारी हवा विमानापेक्षा जोरात पळते आणि काही भागात तर माक १ च्या पुढे जाते म्हणे, तरी सगळीकडे त्याला सबसॉनिक विमानच म्हणतात, ते कसं काय? चार्टमध्ये कुठल्या रकान्यात टाकायचं?

दुसरं म्हणजे जमिनीलगत १५ अंशाला आवाजाचा वेग ताशी १२२५ किमीच्या आसपास, पण ११ किमी उंचीवर उणे ५६ ला तो १०६२ वर येतो. समजा मागून जेट स्ट्रीमचा वारा आहे आणि सीटसमोरच्या स्क्रीनवर ११०० दिसतंय, तरी माक हवेच्या तुलनेत मोजायचा म्हणून विमान सबसॉनिकच ना? मला तरी तसंच वाटतं, पण भाची म्हणते ‘मामा, नक्की सांग, बाई विचारतील’.

एअरोनॉटिक्सवाले कोणी असाल तर सांगा प्लीज, नववीच्या पोरीला कळेल असं, सूत्रं नकोत.