केळीची पट्टी (विक्रीचे पैसे) आली आहे, शेअर बाजारात टाकू का?

सावद्याचा_शेतकरी: राम राम मंडळी. रावेर तालुक्यात आमची केळी आहे. यंदा कटाई वेळेवर झाली, भावही बरा लागला. सोसायटीचं कर्ज भरून चार लाख हातात उरलेत. पुतण्या पुण्याला असतो. तो म्हणतो, काका, ऑप्शनमध्ये टाका, महिन्याला पाच टक्के कुठे गेले नाहीत. त्याने मला टेलिग्रामच्या एका ग्रुपमध्येही घेतलंय, तिथे रोज नफ्याचे स्क्रीनशॉट येतात. जूनमध्ये मृगबागेची लागवड आहे, मुलीची इंजिनिअरिंगची फीही तेव्हाच. काय करू?

जळगावकर_७१: भाऊ, ऑप्शनला, म्हणजे शेअरचा भाव ठरावीक मुदतीत कुठे जाईल यावरच्या सौद्याला, हात लावू नका. सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, सप्टेंबर 2024 मध्ये अभ्यास काढला. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या सामान्य लोकांपैकी 93 टक्के तोट्यात गेले, एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. शेअर पडला तर थांबता येतं. ऑप्शनला मुदत असते. कापलेला घड जसा भाव येईपर्यंत ठेवता येत नाही, तसंच ते.

आता चार लाखांचं. रोपं, खतं, मजुरी आणि फी हे पैसे बाजाराकडे फिरकूसुद्धा देऊ नका. 23 मार्च 2020 ला सेन्सेक्स एका दिवसात 13 टक्क्यांच्या वर पडला. जानेवारीची पातळी पुन्हा दिसायला नोव्हेंबर उजाडला. जानेवारीत टाकलेले पैसे मधल्या जूनमध्ये ज्याला लागवडीसाठी काढावे लागले, तो तोट्यातच बाहेर पडला. बाजार सावरला, पण त्याचा काय उपयोग? शिवाय आपल्याकडे मे महिन्यात एक वादळ आलं की उभी बाग आडवी होते. म्हणून वर्षभराचा घरखर्चही बँकेतच ठेवा. बँकेतच म्हणतोय, पतसंस्थेत नाही. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. ठेवी अडकल्यावर काय होतं हे आपल्या जिल्ह्याला सांगायला नको.

एवढं करून लाखभर उरले आणि सात-आठ वर्षं लागणार नसतील, तर निफ्टीचा साधा इंडेक्स फंड, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांचे शेअर घेणारा फंड, घ्या; तोही डायरेक्ट प्लॅन, म्हणजे मधल्या एजंटाशिवाय. दर महिन्याची एसआयपी, म्हणजे ठरलेला हप्ता, शेतकऱ्याला जमेलच असं नाही. पट्टी आली की थोडे टाकायचे, हे आपल्याला जास्त सोयीचं.

तापीकाठ: वरच्या भाऊंशी सहमत. फक्त त्या ग्रुपबद्दल बोलतो. सल्ला देणाऱ्याचा सेबी नोंदणी क्रमांक मागा आणि तो सेबीच्या साइटवर स्वतः तपासा. ठरावीक परताव्याची हमी द्यायला नोंदणीकृत सल्लागारालाही परवानगी नाही. शिरपूरच्या आमच्या एका पाहुण्यांना असंच ॲप डाउनलोड करायला लावलं. त्यात नफा वाढताना दिसायचा, काढायला गेले तर आधी 'टॅक्स' भरा म्हणाले. पैसे दिले असतील तर आजच सायबर फसवणुकीच्या 1930 या नंबरला फोन लावा.

सावद्याचा_शेतकरी: अजून एक रुपया दिलेला नाही. ग्रुप सोडतो. पुतण्याचे मात्र त्यात पैसे आहेत असं वाटतंय, रात्री त्याला फोन करतो. लागवडीचे आणि फीचे पैसे उद्याच बँकेत वेगळे ठेवतो. इंडेक्स फंडासाठी डीमॅट (शेअर ठेवायचं खातं) लागतं का?

जळगावकर_७१: नाही लागत. फंड कंपनीच्या साइटवर केवायसी करून थेट घेता येतो, पॅन आणि बँक खातं पुरे. अडलं तर इथेच विचारा.