मदत हवी आहे: १ टीबी डिस्क टाकली तरी जागा जुनीच दाखवतंय

जकार्डवाला: लॅपटॉपची ५०० जीबी गच्च भरली म्हणून नवीन १ टीबी हार्ड डिस्क आणली, जुनीवरून क्लोन केलं म्हणजे सगळं जसंच्या तसं उतरवलं, बसवली, विंडोज पण चालू झालं, पण सी ड्राइव्ह अजून ४६५ च दाखवतोय. परवा चादरीची डिझाइनं पाठवायचीत. लवकर सांगा.

बाळीवेस: मॉडेल कुठलं? विंडोज १० का ११? क्लोन कशानं केलं? मोघम लिहून कसं कळणार.

कडक_भाकरी: हार्ड डिस्क कशाला घेतली बे, एसएसडी घ्यायची ना, आत फिरतं काही नसतं तिच्या! माझा जुना लॅपटॉप चालू होईपर्यंत चहा पिऊन व्हायचा, आता बटण दाबलं की हजर.

जकार्डवाला: घेतली ती घेतली. ते विचारलंय का मी?

हिशोबनीस: १ टीबी कधीच पूर्ण दिसत नाही. कंपनी १००० नं मोजते, विंडोज १०२४ नं, म्हणून ९३१ दिसतं.

बाळीवेस: त्यांना ४६५ दिसतंय. वाचत जावा की जरा.

हिशोबनीस: माहितीसाठी सांगितलं.

सात_रस्ता: डीव्हीडी ड्राइव्ह काढून तिथं कॅडी, म्हणजे डिस्क बसवायची चौकट, बसवा, दोन्ही डिस्क चालतील. फक्त ९.५ मिमी लागते का १२.७ ते आधी मोजा, मी न मोजता आणली आणि बसलीच नाही.

कडक_भाकरी: लॅपटॉप मागाजवळ ठेवता का? लूमच्या हादऱ्यानं फिरती डिस्क जाते, म्हणून एसएसडी म्हणत होतो.

जकार्डवाला: कारखान्यातच असतो. पण आधी जागेचं सांगा हो.

बाळीवेस: विंडोज आणि एक्स दाबून डिस्क मॅनेजमेंट उघडा. उजवीकडं काळी पट्टी दिसते का?

जकार्डवाला: दिसते, अनअलोकेटेड म्हणजे न वापरलेली, ४६५ जीबी. सी वाढवायचं एक्स्टेंड फिकट आहे, दाबताच येत नाही. काल पण तसंच होतं.

बाळीवेस: हे काल कळलेलं आज सांगताय! सी आणि पट्टीच्या मधे काय आहे?

जकार्डवाला: रिकव्हरी म्हणून बारकं काहीतरी.

बाळीवेस: तेच आडवं येतंय, विंडोज दुरुस्तीसाठी राखलेला भाग असतो तो. सी ला अगदी चिकटून उजवीकडं मोकळी जागा असेल तरच विंडोज ती जोडून देतं. रिकव्हरी शेवटाला सरकवायला जीपार्टेड नावाचं सॉफ्टवेअर लागेल, ते निवांत करा. आत्ता घाई आहे तर काळ्या पट्टीवर राइट क्लिक, न्यू सिंपल व्हॉल्यूम, वेगळा डी ड्राइव्ह तयार. डायनॅमिक करू का विचारलं तर नाही म्हणा. आणि जुनी डिस्क इतक्यात पुसू नका.

जकार्डवाला: झालं, डी आला. फायली जातायत.

कडक_भाकरी: पुढच्या वेळी एसएसडी.

सात_रस्ता: १२.७ ची कॅडी पडून आहे, कुणाला पाहिजे का?