एफटीआयआयचा अध्यक्ष कोण, यावर भांडून नक्की काय मिळतं?

रिळवाला

एफटीआयआयचा, म्हणजे पुण्याच्या सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटचा, अध्यक्ष बदलला की ठरलेला धुरळा उडतो. हा कोण, याने काय केलंय, कोणाच्या गोटातला, आणि आठवडाभराने सगळे गप. माझं मत, ही भांडणं चुकीच्या खुर्चीवरून चालतात. अध्यक्षपद मानाचं आहे, माणूस त्याच्या शूटिंगमध्ये, वर्षातून काही मीटिंगा, संपलं. रोजचा कारभार डायरेक्टर बघतो, पैसा माहिती आणि प्रसारण मंत्रालयाचा, आणि संस्था चालवणाऱ्या सोसायटीवर माणसं नेमतं तेही मंत्रालयच. संस्था १९७४ साली सोसायटी म्हणून रजिस्टर झाली, कागदावर स्वायत्त, पण गव्हर्निंग कौन्सिलमध्ये मंत्रालयाचे अधिकारी पदसिद्ध बसलेले. याला स्वायत्तता म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

आता जरा तारखा बघा. दिग्दर्शक सईद मिर्झा अध्यक्ष होते, त्यांची मुदत मार्च २०१४ ला संपली, पुढचं नाव आलं थेट जून २०१५ ला. ते गजेंद्र चौहान, टीव्हीवरच्या महाभारतातले युधिष्ठिर. मग त्यांच्या नेमणुकीविरुद्ध विद्यार्थ्यांचा संप, १३९ दिवस. चौहान अध्यक्ष म्हणून कॅम्पसात पाऊल टाकतात जानेवारी २०१६ ला, आणि मुदत मार्च २०१४ पासूनच मोजलेली, म्हणजे मार्च २०१७ ला संपलीसुद्धा. परत खुर्ची रिकामी. ऑक्टोबरात अनुपम खेर, वर्षभराने राजीनामा. शेखर कपूर यांची मुदत मार्च २०२३ ला संपली, माधवन आले सप्टेंबरात. एवढा सगळा काळ अध्यक्ष नाही तरी पगार होत होते, परीक्षा होत होत्या, नोटिसा निघत होत्या. त्या कोणाच्या सहीने निघत होत्या त्यावर बोला की.

तिसरी_घंटा

तारखा बरोबर, निष्कर्ष साफ गंडलेला. खुर्ची वर्षभर रिकामी ठेवता येते हाच तर प्रॉब्लेम आहे आणि तुम्ही त्याचाच पुरावा करताय की खुर्ची बिनकामाची!

बेनेगल, मृणाल सेन, अडूर, कर्नाड हे लोक त्या पदावर होते. यांनी दिल्लीला फोन केला तर कुठला सेक्रेटरी टाळणार होता? अध्यक्षाला नियमात काय पॉवर आहे ते सोडा, आपल्याकडे वजन नियमात नसतं, माणसात असतं. हलका माणूस बसवला की वरून येईल त्यावर मान डोलवतो. आणि २०१५ ला प्रश्न एकट्या चौहानांचा नव्हताच. सोसायटीवर ‘नामवंत’ म्हणून आठ जण घेतले, त्यातल्या चौघांवर मुलांचा आक्षेप होता. जाहनू बरुआ, संतोष सिवन, पल्लवी जोशी यांनी त्या सोसायटीवर काम करायला नकार दिला. शोभेच्या खुर्चीसाठी एवढी माणसं अंग काढून घेतात का?

रिळवाला

@तिसरी_घंटा, वजनदार माणसाचा मुद्दा मान्य केला असता, पण मग हे सांगा. संपाच्या वेळी २००८ च्या बॅचची मुलं डिप्लोमा पूर्ण न होता कॅम्पसात होती, तीन वर्षांच्या कोर्सला सात वर्षं. हा बॅकलॉग साठला तेव्हा अध्यक्ष कोण होते? आधी कन्नड लेखक अनंतमूर्ती, मग मिर्झा. यांच्यापेक्षा वजनदार माणसं कुठून आणणार? त्यांच्या नावाने कोणी बोट मोडत नाही आणि मोडूही नये, कारण तो त्यांच्या हातातला विषयच नव्हता. उलट चौहानांच्या काळात सीआयडी मालिकेवाले बी. पी. सिंग यांना उपाध्यक्ष करून अ‍ॅकॅडमिक कौन्सिल त्यांच्याकडे दिली, म्हणजे ज्या नावावरून एवढा संप झाला त्या नावाकडे अभ्यासक्रम नव्हताच.

हिशोबनीस

मी सरळ बोलतो, राग आला तर येऊ दे. पैसा जनतेचा आहे, निवडून आलेलं सरकार नेमणूक करणार, त्यात चूक काय? मुलांना अध्यक्ष निवडायचा हक्क कुठल्या कॉलेजात असतो? आणि सात सात वर्षं हॉस्टेल अडवून बसायचं, वर मंत्रालयाला शिव्या. आमच्या इंजिनिअरिंगला एवढे केटी लागले असते तर घरी पाठवलं असतं.

मूव्हिओला

@हिशोबनीस, केटी आणि हे एक नाही हो. तिथे डिप्लोमा फिल्म एकट्याची नसते. डायरेक्शनचा एक, कॅमेऱ्याचा एक, एडिटिंगचा एक, साउंडचा एक अशी टीम असते. स्टुडिओची तारीख मिळाली नाही तर चौघं थांबले. शूट झालं पण मिक्सिंगचा स्लॉट पुढे गेला तर परत चौघं थांबले. मागची बॅच अजून स्टुडिओ धरून आहे म्हणून पुढची थांबते, वर शिकवणारे बरेचसे काँट्रॅक्टवर, त्यांची मुदत संपली की नवा येईपर्यंत अजून थांबा. मुलगा आळशी असेलही एखादा, नाही म्हणत नाही, पण अख्खी बॅच कशी आळशी असेल?

आणि यावर तोडगा काय निघाला, तर ज्या अवस्थेत फिल्म आहे त्या अवस्थेत मार्क द्या! अर्धवट साउंडवर साउंडवाल्याला मार्क. त्यावरून ऑगस्ट २०१५ ला मुलांनी डायरेक्टरना घेराव घातला आणि मध्यरात्री पोलिसांनी येऊन पाच मुलांना उचललं. त्या घेरावाच्या केसमध्ये पुढे ज्यांची नावं आली त्यात पायल कपाडिया होती, तीच जिला २०२४ ला कानमध्ये ग्रां प्री मिळालं. आता काढा हिशोब, जनतेचा पैसा वाया गेला का ते.

हिशोबनीस

एका पायलने काय होतं, बाकीच्यांचं सांगा. आणि घेराव हा कुठला मार्ग? डायरेक्टर माणूस आहे, त्याला तासन् तास केबिनमध्ये कोंडायचं, त्याला प्रश्न विचारणं म्हणतात का?

मूव्हिओला

कोंडणं चूकच, त्याचं समर्थन मी वर कुठेही केलेलं नाही. पण केबिनमधल्या माणसाच्या हातात तरी काय होतं?

जुना_डेक्कनकर

इथे मूळ मुद्दा आला बघा, डायरेक्टर. घेराव झाला ते पाठराबे काय, नंतरचे कँथोला काय, दोघेही इंडियन इन्फर्मेशन सर्व्हिसचे. मध्यंतरी आयएएस पण येऊन गेले. प्रतिनियुक्तीवर यायचं, काही वर्षं काढायची, पुढच्या पोस्टिंगला निघायचं. त्याची बढती, त्याचा सीआर म्हणजे गोपनीय अहवाल, सगळं दिल्लीत, तो मुलांच्या बाजूने का उभा राहील? पूर्वी असं नव्हतं. जगत मुरारी स्वतः फिल्म करणारे होते आणि साठच्या दशकात संस्था त्यांनी उभी केली. आपले डॉ. मोहन आगाशे १९९७ ते २००२ होते की, आणि ते तर नट आणि वर सायकिअ‍ॅट्रिस्ट, त्या कॅम्पसला दोन्ही लागतं :)

तिसरी_घंटा

@जुना_डेक्कनकर, इथे मात्र मी उलट बोलणार. कलावंत डायरेक्टर म्हणजे सगळं आलबेल हा भाबडेपणा आहे. जीएफआर म्हणजे सरकारी खर्चाचे नियम माहीत नाहीत, टेंडर कसं काढायचं माहीत नाही, ऑडिटवाला आला की घाम फुटतो. नवा कॅमेरा घ्यायचा तर तीन कोटेशनं आणि खरेदी समिती लागते, तिथे चांगला बाबूच कामाला येतो. माझं म्हणणं बाबू असू दे, पण त्याच्यावर असा अध्यक्ष हवा ज्याला तो टरकेल. म्हणून नाव महत्त्वाचं. फिरून तिथेच आलो.

वाचकमात्र

सगळे २०१५ मध्येच अडकलेत, इकडे एप्रिल २०२५ मध्ये पुण्याच्या एफटीआयआयला आणि कोलकात्याच्या सत्यजित राय फिल्म इन्स्टिट्यूटला, दोघांनाही अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आता यूजीसीचे नियम लागणार, कुलगुरूसाठी सर्च कमिटी, कार्यकारी परिषद, शिवाय डिप्लोमाऐवजी स्वतःची डिग्री, पीएचडी. प्रतिनियुक्तीवाला विषय आपोआप संपतो ना मग?

रिळवाला

@वाचकमात्र, आपोआप काही संपत नसतं. एनएसडीला, म्हणजे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला, २००५ ला हाच दर्जा मिळाला होता आणि २०११ ला त्यांनी तो स्वतःहून परत केला. का, तर नाटकाचं प्रशिक्षण विद्यापीठाच्या साच्यात बसेना. पीएचडी नसलेला साउंडचा दर्दी माणूस उद्या प्रोफेसर होऊ शकेल का, नेट-सेट विचारणार का, हे आधी बघा. मंत्रालय जाऊन यूजीसी आली असं झालं तरी एक वेळ चालेल, इथे मंत्रालय आहेच आणि वर यूजीसी!

वाचकमात्र

एनएसडीचं उदाहरण पुरं पडत नाही. यावेळचा दर्जा ‘वेगळ्या श्रेणी’खाली दिलाय, म्हणजे नेहमीच्या साच्यात बसवायचं नाही हे देणाऱ्यांनाही कळतंय. आणि डिप्लोमावाल्याला बाहेर शिकवायची नोकरी मागताना काय कटकट होते ते त्यालाच विचारा. डिग्री मिळू दे की पोरांना, तुमची स्वायत्तता नंतर बघू.

मूव्हिओला

दर्जा कुठलाही असू दे, मला एवढंच पाहिजे. कौन्सिलच्या मीटिंगचं इतिवृत्त महिन्याच्या आत वेबसाइटवर टाका, किती पदं रिकामी, कुठल्या बॅचच्या किती फिल्म अडकल्या आणि कशासाठी, हे सगळं त्यात असू दे. यासाठी कायदाही बदलायला लागत नाही.

हिशोबनीस

हे चालेल. फी किती घेता आणि एका मुलामागे खर्च किती होतो तेही टाका त्यात.

मूव्हिओला

टाका ना. फीवाढीविरुद्ध मुलं २०१९ ला उपोषणाला बसली होती तेव्हा त्यांनाही हाच आकडा हवा होता.

तिसरी_घंटा

आणि ते इतिवृत्त टाकायला लावणार कोण? अध्यक्षच ना?

रिळवाला

आरटीआय. दहा रुपये लागतात.