‘अर्कम असायलम’मध्ये चित्रं गोष्टीवर कुरघोडी करतात का?

गोदाकाठ (धागाकर्ता)
बॅटमॅनचं कॉमिक, ग्रँट मॉरिसनचं लेखन, डेव्ह मक्कीनची चित्रं, साल १९८९. एक एप्रिलला बॅटमॅनचा शत्रू जोकर आणि इतर रुग्ण वेड्यांचं इस्पितळ ताब्यात घेतात, ओलीस धरतात आणि बॅटमॅनला आत बोलावतात. या पुस्तकाला सगळे डोक्यावर घेतात, मला ते पटत नाही. रंग, फोटो, कोलाज यांच्या गर्दीत कोण कुठे उभं आहे तेच कळत नाही. बॅटमॅन म्हणजे नुसती सावली. जोकरची लाल, ओरखड्यांसारखी अक्षरं वाचताना तर मी अर्ध्यात थकलो. कॉमिकमध्ये आधी गोष्ट कळली पाहिजे.

शाईचेडाग
साफ असहमत! ती अक्षरं गॅस्पर सालाडिनोची, आणि तीच या पुस्तकाचा जीव आहेत. जोकरच्या बोलण्याला संवादाचा फुगाच नाही, ते पानभर सांडतं. बॅटमॅनचं बोलणं काळ्या फुग्यात पांढऱ्या अक्षरांत, बंदिस्त. एक शब्द वाचायच्या आत माणूस कळतो. थकलात म्हणता, पण जोकरसमोर बसलेल्याला दुसरं काय वाटणार?

सईची_आई
तुमचं भांडण अक्षरांवरून चाललंय, मला टू-फेसबद्दल बोलायचंय. प्रत्येक निर्णय नाणं उडवून घेणारा हा तिथला रुग्ण. डॉक्टर रूथ ॲडम्स त्याचं नाणं काढून घेतात, हातात फासा देतात, म्हणजे दोनाचे सहा पर्याय. मग टॅरोचे, म्हणजे भविष्य सांगायचे, ७८ पत्ते. कागदावर प्रगती! प्रत्यक्षात बिचाऱ्याला संडासला जावं की नाही हेही ठरवता येत नाही, कपडे खराब होतात. आजारी माणसाचा आधार काढून घेतला की काय होतं, हे इतकं नेमकं मी दुसऱ्या कुठल्या कॉमिकमध्ये पाहिलं नाही.
पण पुढे बॅटमॅन व्हीलचेअरवरच्या डॉक्टर डेस्टिनी या रुग्णाला जिन्यावरून ढकलून देतो आणि गोष्ट तशीच पुढे निघून जाते. ते मला अजिबात सहन झालं नाही. टू-फेसबद्दल कळवळा, मग याच्याबद्दल का नाही?

शाईचेडाग
कारण त्या रात्री बॅटमॅनही आतल्यांपैकीच एक झालाय. शाईच्या डागांच्या चाचणीत त्याला वटवाघूळ दिसतं आणि तो डॉक्टरांना ‘काही नाही’ म्हणून सांगतो, तिथेच ते कळतं.

सईची_आई
त्याचं कारण कळलं हो. ढकललेल्या माणसाचं काय?

गोदाकाठ
ताई, टू-फेसबद्दल शंभर टक्के सहमत. शेवटी नाणं परत मिळाल्यावर बॅटमॅनचा फैसला तोच करतो. नाण्याची ओरखडे पडलेली बाजू वर आली तर मरण. तीच बाजू वर येते, आणि तरी तो बॅटमॅनला जाऊ देतो. पूर्ण पुस्तकात स्वतःच्या मनाने ठरवणारा तो एकटा. पण शाईचेडाग, हा प्रसंग अंगावर येतो तो नाण्याची कुठली बाजू वर आहे हे स्वच्छ दिसतं म्हणून. तिथे मक्कीनने धूसर काही ठेवलेलं नाही. माझं म्हणणं तेवढंच आहे.