बीडीएस होऊन अमेरिकेत आले आहे, डेंटल हायजीनची (दात-हिरड्यांची सफाई आणि निगा) असोसिएट डिग्री करावी का? सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,

मी मूळची सांगलीची. २०१३ साली बीडीएस झाले (नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ). पुढे लग्नापर्यंत मिरजेत एका क्लिनिकमध्ये काम केलं. आता एडिसन, न्यू जर्सीला असतो. नवऱ्याचा एच-१बी हा नोकरीचा व्हिसा आहे, माझा एच-४, म्हणजे त्याच्यावर अवलंबून असलेला. त्याचं आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर झालंय, त्यामुळे माझ्याकडे ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, आहे. लेक यंदा किंडरगार्टनला जायला लागली, आणि इतक्या वर्षांनी दिवसाचे सहा तास माझ्या वाट्याला आलेत.

इथे पुन्हा डेंटिस्ट व्हायचं तर आधी आयएनबीडीई ही डेंटिस्टची बोर्ड परीक्षा, म्हणजे दोन दिवसांत ५०० प्रश्न, आणि मग अॅडव्हान्स्ड स्टँडिंगची, म्हणजे परदेशी डेंटिस्टसाठीच्या डेंटल कॉलेजच्या कोर्सची, दोन-तीन वर्षं. फी आणि राहण्याचा खर्च धरला की बऱ्याच ठिकाणी आकडा दोन लाख डॉलरच्या पुढे जातो. ग्रीन कार्डाचा पत्ता नसताना एवढं कर्ज डोक्यावर घ्यायची आमची तयारी नाही. यावर घरात रात्र-रात्र बोलून झालंय, तेव्हा तो मार्ग आम्ही बाजूला ठेवलाय.

गेले आठ महिने मी एका दातांच्या क्लिनिकमध्ये असिस्टंट आहे. माणसं चांगली आहेत, तक्रार नाही. पण गेल्या आठवड्यात हायजिनिस्ट एका काकांच्या हिरड्या दातांपासून किती मिलिमीटर सुटल्यात त्याची मापं सांगत होती आणि मी ती टाइप करत होते. तीन, दोन, तीन, पाच. एका दाताला सहा जागा, बत्तीस दात असले तर १९२ आकडे. खालच्या डाव्या दाढेला सहा निघाला आणि प्रोबमागोमाग, म्हणजे मोजायच्या सळईमागोमाग, रक्त आलं. माझी बोटं कीबोर्डवर होती, पण मनात मी कीटण खरवडायचा क्युरेट धरला होता. घरी येऊन खूप रडले. त्याच रात्री हायजीनच्या कोर्सची माहिती काढायला बसले.

आतापर्यंत कळलंय ते असं. कम्युनिटी कॉलेजमध्ये असोसिएट डिग्री होते. आमच्या गावातच मिडलसेक्स कॉलेजला कोर्स आहे, बर्गनलाही आहे. मुख्य कोर्स दोन वर्षांचा, पण त्याआधी अॅनाटॉमी-फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, केमिस्ट्री असे विषय झालेले लागतात. कॉलेजला कोडाची, म्हणजे इथल्या दंतशिक्षणाला मान्यता देणाऱ्या संस्थेची, मान्यता हवी. नंतर ३५० प्रश्नांची नॅशनल बोर्ड, क्लिनिकल परीक्षा आणि राज्याचं लायसन्स. सरकारच्या २०२३ च्या आकडेवारीत हायजिनिस्टचा मध्यम पगार वर्षाला ८७ हजार डॉलरच्या वर आहे, असिस्टंटचा ४६ हजारांच्या आसपास.

माझी अडचण अशी की हे सगळे विषय मी बीडीएसच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला केलेत, पण त्याला पंधरा वर्षं होऊन गेली. बरीच कॉलेजं सायन्सचे जुने क्रेडिट धरत नाहीत म्हणे. कोणाचे धरलेत का? लहान मूल असताना हा पूर्णवेळ कोर्स कोणी केलाय का? फ्लोरिडात परदेशी डेंटिस्टला हायजीनचं लायसन्स थेट मिळतं असं ऐकलं, ते खरं का?

आणि एक मनातलं. बाबा फोनवर म्हणाले, "डॉक्टर झालीस आणि आता दुसऱ्याच्या हाताखाली दात साफ करणार?" मला उत्तर सुचलं नाही.

प्रतिसाद १

ताई, मीही बीडीएस, नागपूरची. टेक्सासमध्ये हायजिनिस्ट होऊन सहा वर्षं झाली.

सगळ्यात आधी नाशिकहून ट्रान्सक्रिप्ट मागवा, त्यालाच वेळ लागतो. कोर्सनिहाय मूल्यांकन करून घ्या. तुमच्या कॉलेजकडून विषयवार अभ्यासक्रम शिक्क्यासकट मागवा आणि थेट डेंटल हायजीनच्या प्रोग्राम डायरेक्टरला ईमेल करा. अॅडमिशनच्या खिडकीवर बीडीएस म्हणजे काय हेच माहीत नसतं. माझी केमिस्ट्री धरली, अॅनाटॉमी-फिजिऑलॉजी परत करायला लावली. तेव्हा राग आला होता, पण जागा मोजक्या आणि निवड ग्रेडवर, त्यामुळे तिथे मिळालेले दोन ए कामी आले.

आपल्याला सगळं येतं असं समजून जाऊ नका. आपला हात अल्ट्रासॉनिक स्केलरवर, म्हणजे कंपनांनी कीटण काढणाऱ्या मशीनवर, बसलेला. इथे पहिलं सेमिस्टर टायपोडाँटवर, म्हणजे दातांच्या नकली जबड्यावर, ग्रेसी प्रकारचे क्युरेट चालवण्यात जातं. बोट कुठे टेकवायचं, पातं किती अंशात धरायचं, धार कशी लावायची, सगळं पहिल्यापासून. माझी जुनी पकड मोडायला दोन महिने लागले.

आणखी एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. क्लिनिकसाठी पेशंट बहुतेक वेळा आपले आपणच शोधायचे असतात, तेही ठरावीक प्रमाणात कीटण असलेले. मराठी मंडळातले किती काका-मामा मी खुर्चीत बसवले असतील! एकेकाला तीन-तीन तास बसावं लागायचं. नवऱ्याला आधीच सांगून ठेवा, दुसऱ्या वर्षी मुलीची शाळेची ने-आण त्याच्याकडे.

प्रतिसाद २

फ्लोरिडाचं खरं आहे. तिथे परदेशात शिकलेल्या डेंटिस्टला हायजीनच्या लायसन्ससाठी अर्ज करता येतो. पण पुढे दुसऱ्या राज्यात जायचं झालं की बहुतेक ठिकाणी कोडामान्य हायजीन कोर्सची डिग्री मागतात. तुम्हाला न्यू जर्सीतच राहायचं असेल तर डिग्री करा.

बाबांना एवढं सांगा की हा वेगळा, स्वतःचं लायसन्स असलेला पेशा आहे. डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी १९१३ मध्ये कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टला याचा पहिला वर्ग काढला. तिथे शिकलेल्या बायका शाळाशाळांतून मुलांचे दात सांभाळायच्या. आपल्याकडेही १९४८ च्या डेंटिस्ट अॅक्टमध्येच हायजिनिस्टच्या वेगळ्या नोंदणीची तरतूद केली होती.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. सांगलीत भावाला फोन केला, तो सोमवारी अभ्यासक्रम आणायला कॉलेजात जाणार आहे. प्रोग्राम डायरेक्टरना आजच ईमेल केली. बाबांना १९४८ च्या कायद्याचं सांगितलं. "बरं, फी किती आहे?" एवढंच म्हणाले.

नागपूरच्या ताई, धार लावायचं म्हणालात, त्याचा सराव घरी करता येतो का? माझे जुने क्युरेट सांगलीच्या कपाटात आहेत. आई एप्रिलमध्ये येतेय, तिच्याबरोबर मागवू का?