रद्द काय झालं ते कोण सांगणार? (शिक्षण विभागाचे आदेश व्हॉट्सॲपवर यावेत का)

दोनशिक्षकी:
झेडपीच्या दोन शिक्षकी शाळेवर आहे, मुख्याध्यापकाचा चार्ज माझ्याकडे (पद नाही, नुसता चार्ज, भत्ता विचारू नका). मंगळवारी साडेअकराला तिसरी-चौथीला एकत्र बसवून भागाकार घेत होतो, हातचा कुठे ठेवायचा यावर एक पोरगं अडलेलं, आणि खिशात फोन थरथरतोय. केंद्राचा, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचा, ग्रुप. "अत्यंत तात्काळ. सोबतच्या लिंकमध्ये आज ३ वाजेपर्यंत माहिती भरावी. निरंक असल्यास निरंक भरावे." रेंज आमच्याकडे फक्त पाण्याच्या टाकीजवळ. तिथं जाऊन भरलं. दुसऱ्या दिवशी 'माहिती अप्राप्त शाळा' यादीत आमचं नाव लाल रंगात! झालं असं की एकाच गुगल शीटमध्ये चाळीस शाळा, कुणीतरी सॉर्ट मारलं आणि माझ्या ओळीवर दुसऱ्याचे आकडे पेस्ट झाले.
माझं म्हणणं एवढंच, विभागाने आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सगळे आदेश एकत्र पाठवावेत आणि त्यात पहिल्यांदा सांगावं की जुनं काय रद्द झालं. रोजचा रतीब बंद करा.

केंद्रातला_माणूस:
सर, मी केंद्रप्रमुख आहे, तुमच्यासारख्या बारा शाळा माझ्याकडे, आणि शेजारच्या केंद्राचा अतिरिक्त कार्यभार पण. तुम्हाला वाटतं आम्ही मजा म्हणून फॉरवर्ड करतो? मंत्रालयातून आयुक्त कार्यालय, तिथून संचालक, उपसंचालक, मग शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी आणि शेवटी मी. वरून निघताना मुदत चार दिवसांची असते, प्रत्येक टेबलावर थोडी थोडी खाल्ली जाते आणि माझ्या हातात पडते तेव्हा तीन तास उरलेले असतात. तुम्ही मला शिव्या घालता, मला गटशिक्षणाधिकारी झापतात.
आणि व्हॉट्सॲप नको म्हणणाऱ्यांनी जुनं टपाल आठवावं. शिष्यवृत्तीचं पत्र यायचं मुदत संपल्यावर, मग पोरांचं नुकसान कुणाच्या खात्यावर?

वाडीवरचा_पालक:
केंद्रप्रमुखांशी सहमत. बदलापूरच्या शाळेतल्या चिमुरड्यांवरच्या अत्याचारानंतर २१ ऑगस्ट २०२४ ला सुरक्षेचा जीआर निघाला, खासगी शाळांना महिनाभरात सीसीटीव्ही लावायला सांगितलं, मुलींच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समितीची आठवण परत करून दिली. ती समिती २०२२ मध्येच करायची होती, किती शाळांनी खरंच केली होती देव जाणे. असला आदेश पण शनिवारपर्यंत थांबवायचा का? मी मुलीचा बाप आहे, मला तर तो तासाभरात शाळेत पोचायला हवा.

दोनशिक्षकी:
सुरक्षेचं त्याच दिवशी येऊ दे ना, कोण नको म्हणतंय? पण माझ्या ग्रुपवर ते पत्र, कुठल्यातरी दिनाचे फोटो अपलोड करा आणि वर्गखोल्यांत पंखे किती, तिन्हीवर एकच शब्द असतो, 'तात्काळ'. सगळंच तात्काळ म्हटल्यावर खरं तात्काळ ओळखायचं कसं. परत या सगळ्यातलं निम्मं यू-डायस प्लसला (देशभरातल्या शाळांच्या माहितीचं पोर्टल) भरलेलंच असतं, सरल या राज्याच्या पोर्टलला वेगळं, पोषण आहाराची रोजची ताटं वेगळ्या ॲपवर, डिसेंबर २०२३ पासून हजेरी चॅटबॉटवर, आता अपार आयडी, म्हणजे प्रत्येक पोराचा आधारला जोडलेला ओळख क्रमांक. आधारवरच्या नावात एक वेलांटी चुकली की पोरगं अडकलं, आणि आई ऊसतोडीला गेलेली, दुरुस्तीला आणायचं कुणाला?

संचमान्यता_पीडित:
तुमचा मुद्दा भरकटतोय राव. व्हॉट्सॲप की टपाल हा प्रश्नच नाहीये, सकाळचा निर्णय संध्याकाळी टिकेल का हा आहे. हिंदीचंच बघा. १६ एप्रिल २०२५ ला जीआर, पहिलीपासून हिंदी. १६ जूनला शाळा उघडल्या (विदर्भ सोडून), १७ जूनला शुद्धिपत्रक, अनिवार्य शब्द गेला, 'सर्वसाधारणपणे' आला. २९ जूनला दोन्ही रद्द, कुठली भाषा कितवीपासून हे ठरवायला जाधव समिती नेमली. त्या पंधरा दिवसांत आमच्याकडे पालकांना काय सांगायचं यावर दोन मीटिंगा झाल्या. गणवेश घ्या, 'एक राज्य एक गणवेश' म्हणून सगळं वरून ठरवलं, पोरं वाट बघत राहिली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये अधिकार परत शाळा व्यवस्थापन समितीकडे. पुस्तकांत वह्यांची कोरी पानं टाकली, जानेवारी २०२५ मध्ये तीही काढली.
अशा ठिकाणी साप्ताहिक पत्रक काढून काय करणार, छापेपर्यंत शिळं.

व्हर्जिनियाकर:
मी पुण्याचा, सध्या व्हर्जिनियात, बायको इथल्या शाळेत सहायक शिक्षिका आहे. इथे राज्याचं शिक्षण खातं जिल्ह्यांच्या सुपरिंटेंडेंटना मेमो काढतं, दरवर्षी क्रमांक एकपासून सुरू आणि पुढे वर्षाचा आकडा, आणि सगळे साइटवर कुणालाही वाचता येतात. शिक्षिकेच्या फोनवर खात्याचा मेसेज कधी येत नाही, काय गाळायचं आणि काय शाळेपर्यंत न्यायचं हे जिल्हा ठरवतो. आपल्याकडे का नाही जमत?

केंद्रातला_माणूस:
अहो तिथे जिल्हे किती, सव्वाशे-दीडशेच्या घरात. आपल्याकडे शाळाच लाखाच्या वर. आणि तुमच्या सुपरिंटेंडेंटला तिथलं स्थानिक बोर्ड नेमतं, आमचे शिक्षणाधिकारी राज्याचे, कधी बदली होईल सांगता येत नाही. गाळायची हिंमत कोण करणार? न पाठवलेल्या एका पत्रावरून नोटीस येते, जास्तीची शंभर पाठवली तर कुणी काही विचारत नाही.
बाकी क्रमांक आपल्याकडे नाहीत असं नाही हं. प्रत्येक जीआरला संगणक संकेतांक असतो, शासनाच्या साइटवर टाकला की निघतो.

दोनशिक्षकी:
जीआरला असतो. पण माझ्याकडे जीआर येतात महिन्याला एखाद-दोन. बाकी सगळी पत्रं, परिपत्रकं, आणि व्हीसीत (व्हिडिओ मीटिंगमध्ये) कुणीतरी तोंडी बोललेलं केंद्राच्या ग्रुपवर टाइप करून आलेलं. त्याला कुठला संकेतांक? उद्या चौकशी लागली तर मी काय दाखवू, स्क्रीनशॉट? बरं जीआरमध्ये तरी 'वाचा' म्हणून वर जुने संदर्भ असतात, त्यातला कुठला अजून जिवंत आणि कुठला मेला हे शोधायला वकील लागतो. संचमान्यतेचा (पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याचा) १५ मार्च २०२४ चा जीआर मी तीन वेळा वाचला, वीसच्या आतल्या पटाचं आमचं काय होणार याचा अर्थ तीन जणांनी तीन सांगितला.

संचमान्यता_पीडित:
तीनच? आमच्याकडे पाच 😄

लेखाशीर्ष:
एक वेगळा मुद्दा. मी पंचायत समितीत आहे, ऑपरेटर म्हणा. तुम्ही म्हणता तीच तीच माहिती मागतात. खरंय. पण पोर्टलवर भरलेली माहिती तालुक्याला हवी तशी लगेच काढता येत नाही, आणि विधानसभेत तारांकित प्रश्न लागला की उत्तर आजच द्यायचं असतं. मग साहेब म्हणतात, शीट फिरव. मी फिरवतो. शीट लॉक करायला हवी होती हे मान्य, ती चूक आमच्यासारख्यांचीच. पण निम्म्या शाळा यू-डायसला मागच्या वर्षीचाच पंख्यांचा आकडा ढकलून मोकळ्या होतात, हेही लिहा की.

वाडीवरचा_पालक:
हे मात्र खरं. आमच्या शाळेचं स्वच्छतागृह पोर्टलवर 'वापरात' आहे म्हणतात, दाराला कुलूप दोन वर्षांपासून.

दोनशिक्षकी:
कुलूप असेल तर मुख्याध्यापकाला विचारा, मी बाजू घेणार नाही.

केंद्रातला_माणूस:
ठीक आहे, माझ्यापुरतं करून बघतो. या महिन्याच्या शिक्षण परिषदेपासून (केंद्रातल्या शिक्षकांच्या मासिक बैठकीपासून) दर शनिवारी माझ्या बारा शाळांना एक पानी यादी, सुरक्षा आणि पोरांच्या पैशाचं सोडून बाकी मधे काही टाकणार नाही. वरून ओरडा आला तर तुम्ही सगळे सोबत या. पहिल्या ओळीत काय घालू?

दोनशिक्षकी:
या आठवड्यात काय रद्द झालं ते.

केंद्रातला_माणूस:
ते मी माझ्या सहीनं लिहून द्यायचं? नाही हो सर. ते सोडून काहीही सांगा.