मदत हवी आहे : गर्भनळ्या परत जोडल्यानंतर पाळी बिघडली, खर्चही वाढतोय

नमस्कार ताईंनो. मी ऐरोलीची, वय ३४. २०१७ मध्ये दुसऱ्या सिझरच्या वेळीच कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन करून घेतलं होतं. आता दुसरं लग्न झालंय, म्हणून दीड महिन्यापूर्वी ठाण्यात नळ्या परत जोडून घेतल्या. पोट उघडूनच केलं, जुन्याच टाक्यांवर.

टाके सुकलेत, पण उजवीकडे ओढ लागते. ऐरोली स्टेशनचा जिना चढताना तर मध्येच थांबून पिशवी खाली ठेवावी लागते. कोणाला असं किती दिवस होत होतं?

पाळी १२ दिवस उशिरा आली आणि गाठी पडल्या. डॉक्टर म्हणाले, अंडाशयाला हात लावलेला नाही, भूल आणि ताणामुळे एखादी पाळी पुढेमागे होते. पटतं, तरी तुमची कधी रुळावर आली? (उशीर झाला तेव्हा सासूबाईंनी लगेच गोड बातमी ठरवून टाकली होती. टेस्ट निगेटिव्ह.)

खर्चाचं तर विचारूच नका. पॅकेज ८० हजार सांगितलं, बिल १ लाख १५ हजार झालं; भूलतज्ज्ञ आणि औषधं वेगळी. मेडिक्लेमने नाही म्हटलं. आता नळ्या उघड्या आहेत का पाहायला एचएसजी (औषध सोडून काढायचा नळ्यांचा एक्स-रे) सांगितलीय. ठाणे-वाशीकडे ती किती रुपयांत होते? खूप दुखतं का?

दिवस राहिले तर गर्भ नळीतच अडकण्याचा धोका जास्त, म्हणून लगेच सोनोग्राफी करायची, एवढं माहीत आहे. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा, प्लीज. आयव्हीएफचे सल्ले नकोत.